भिंतीवरील खूण, पुलावरील खूण
(पुराचे पाणी, पडणारी बांधकामे आणि संगणकाचे गणित या विषयावर कल्याण येथील नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कल्याण हे पाण्याने घडविलेले शहर आहे. खाडीमुळे येथे बंदर आले, बंदरामुळे व्यापार आला आणि याच खाडीच्या काठी दुर्गाडीच्या परिसरात छत्रपती शिवाजी महाराजांच्या आरमाराची उभारणी सुरू झाली. उल्हास नदी कर्जत, नेरळ, बदलापूर अशी वळणे घेत येथे येते. भातसेचे पाणी पोटात घेऊन काळू येथेच तिला मिळते. आणि अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून निघालेली वालधुनी उल्हासनगरमधून कल्याणच्या वस्तीत शिरून खाडीला जाते. वर डोंगरातून येणारे पाणी आणि खालून भरतीने चढणारे पाणी यांच्यामध्ये हे शहर उभे आहे.

म्हणूनच पूर हा कल्याणकरांना नवा विषय नाही. २६ जुलै २००५ चा दिवस येथील कोणत्याही घराला विसरता आलेला नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्याने वेढली गेली आणि सुमारे एक हजार पन्नास प्रवाशांना बाहेर काढावे लागले. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी उल्हास नदीचे पाणी रायते पुलावरून वाहिले आणि कल्याण-मुरबाड रस्ता बंद झाला. पाणी किती चढेल, हा प्रश्न आपण सारेच विचारतो. आजचा विषय त्याच्या पुढचा आहे. चढलेले पाणी काय पाडील? कोणती भिंत, कोणता बंधारा, कोणता पूल आधी जाईल? आणि तो जाण्यापूर्वी हे समजू शकते काय? या प्रश्नाचे उत्तर आज संगणकावर शोधले जाते. वाहणाऱ्या पाण्याचे आणि त्यात उभ्या असलेल्या बांधकामाचे हुबेहूब प्रतिरूप संगणकात उभे करून ते पाडून पाहता येते. यालाच सिम्युलेशन म्हणतात. हे शास्त्र काय करू शकते, काय करू शकत नाही आणि त्यात सामान्य नागरिकाचा वाटा कोणता, एवढ्याच तीन गोष्टींचा येथे विचार करावयाचा आहे.

सावित्रीची रात्र

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र. महाबळेश्वरच्या डोंगरात कोसळलेल्या पावसाने सावित्री नदी दुथडी भरून वाहत होती. महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरील ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल त्या रात्री वाहून गेला. एस. टी. महामंडळाच्या दोन गाड्या आणि एक मोटार काळोखात त्या पोकळीत गेली. सुमारे चाळीस माणसांचा घास नदीने घेतला. बसचा सांगाडा हाती लागण्यास आठवडाभराहून अधिक काळ लागला. शेजारीच दुसरा, नवा पूल शाबूत उभा होता. वाहतूक तिकडे वळविणे अशक्य नव्हते. पण जुना पूल आता राहणार नाही, हे सांगणारे त्या रात्री कोणी नव्हते.

या दुर्घटनेतील सर्वांत बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य ठरला होता, असे शासनाने नंतर सांगितले. पाहणी करणाऱ्यांनी हयगय केली असे गृहीत धरण्याचे कारण नाही. मे महिन्यात नदी कोरडी असते. डोळ्यांना कमानी दिसतात, कठडे दिसतात, दगडांच्या सांध्यांतून उगवलेली झाडे दिसतात. पुराच्या रात्री पाणी पायाशी काय करते, हे मे महिन्यात डोळ्यांना दिसत नाही. ते पाहावयाचे तर गणितानेच पाहावे लागते.

पाणी बांधकाम कसे मोडते?

पाणी तीन प्रकारे बांधकाम मोडते. पहिला प्रकार म्हणजे ढकलणे. साठलेले पाणीदेखील ढकलते. इमारतीच्या कुंपणभिंतीला एका बाजूने दीड मीटर पाणी लागले, तर त्या भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे १,१२५ किलो भार आडवा पडतो. पाणी तीन मीटर झाले तर भार दुप्पट होत नाही, चौपट होतो. नऊ इंची विटांची भिंत आडव्या भारासाठी बांधलेलीच नसते. पुरात कुंपणभिंती पत्त्यांप्रमाणे पडतात त्याचे कारण हेच.

वाहत्या पाण्याचा जोर तर याहून कठीण. आपल्याकडील पुलांचे अभियंते इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीतील एक साधे सूत्र वापरतात. पाण्याचा वेग सेकंदाला जितके मीटर असेल त्याचा वर्ग करावयाचा, त्याला ५२ ने गुणावयाचे आणि खांबाच्या आकाराप्रमाणे ठरलेल्या आकड्याने पुन्हा गुणावयाचे. चौकोनी खांबासाठी तो आकडा १.५ आहे, तर गोल टोकाच्या खांबासाठी ०.६६. सेकंदाला तीन मीटर वेगाने येणारे पाणी चौकोनी खांबाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ७०० किलो दाब देते, तर गोल खांबावर सुमारे ३१० किलो. वेग सहा मीटर झाला की दोन्ही आकडे चौपट. जुन्या पुलांच्या खांबांना प्रवाहाच्या बाजूने होडीच्या नाळेसारखे टोक दिलेले असते, ते केवळ शोभेसाठी नव्हे.

दुसरा प्रकार म्हणजे उचलणे. दगडी बांधकामाचे वजन पाण्याच्या साधारण अडीचपट असते. ते पूर्ण बुडाले की त्याचे चाळीस टक्के वजन पाणीच पेलून धरते. कमानीच्या पुलाची सारी ताकद तिच्या वजनात असते. दगड दगडाला दाबून धरतो म्हणून कमान उभी राहते. पाणी कमानीच्या माथ्यापर्यंत चढले, की ती एकाच वेळी हलकी होते आणि तिच्यावर पडणारा आडवा जोर मात्र वाढतो.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. तो म्हणजे पायाखालची वाळू-माती खरवडून नेणे. खांबाला आपटलेले पाणी खाली वळते, खांबाच्या पायथ्याशी भोवरा करते आणि तळ उकरू लागते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर तो जो सर्वांत जड दगड हलवू शकतो त्याचे वजन दुप्पट वा चौपट नव्हे, चौसष्ट पट होते, हा नियम एकोणिसाव्या शतकापासून ज्ञात आहे. म्हणून जी नदी आठ महिने वाळूचा कणही हलवीत नाही, ती एका रात्रीत धोंडे लोटत नेते. पूर ओसरताना तोच खड्डा गाळाने पुन्हा भरतो आणि नंतर पाहणाऱ्याला सारे ठीकठाक दिसते. ५ एप्रिल १९८७ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील शोहारी क्रीक या नदीवरचा महामार्गाचा पूल असाच कोसळला आणि दहा जण मृत्युमुखी पडले. वरचा पूल धडधाकट होता. एका खांबाखालची जमीन पुराने खाल्ली होती. त्यानंतर अमेरिकेने आपल्या पुलांच्या पायांची या दृष्टीने तपासणी सुरू केली.

गणिताची वाटचाल

हे तिन्ही प्रकार एकाच वेळी, एकमेकांत गुंतून घडतात. त्यांचे गणित कागदावर मांडणे हा दीडशे वर्षांचा प्रवास आहे. वाहत्या पाण्याची खोली आणि वेग क्षणोक्षणी कसे बदलतात, याची समीकरणे फ्रान्सच्या सॅं-व्हेनाँ यांनी १८७१ साली मांडली. आजही जगातील बहुतेक पूर-प्रतिरूपांच्या मुळाशी तीच आहेत. ती मांडणे सोपे. नदीच्या वाकड्यातिकड्या पात्रासाठी सोडविणे मात्र हाताने जवळजवळ अशक्य. इंग्लंडच्या लुईस फ्राय रिचर्डसन यांनी १९११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात त्यावर वाट दाखविली. त्यांचा प्रश्न होता दगडी धरणाच्या पोटात कोठे किती ताण येतो हा. त्यांनी धरणाच्या आकृतीवर चौकटींचे जाळे टाकले आणि प्रत्येक बिंदूसाठी साधी बेरीज-वजाबाकी पुन:पुन्हा करविली. हे काम त्यांनी मुलांना बिंदूमागे ठरावीक मोबदला देऊन करून घेतले. आजचा संगणक त्या मुलांचेच काम करतो, फक्त अफाट वेगाने.

किती अफाट, हे पाहू. कल्याणच्या परिसरातील दहा किलोमीटर लांब आणि पाच किलोमीटर रुंद पट्टा घेतला आणि त्यावर पाच मीटरच्या चौकटी आखल्या, तर वीस लाख चौकटी होतात. पाण्याची लाट एका टप्प्यात एकाहून अधिक चौकटी ओलांडून गेली तर गणित कोलमडते, हे तीन गणितज्ञांनी १९२८ साली सिद्ध केले. चार मीटर खोल, वेगवान पाण्यासाठी त्याचा अर्थ असा की, प्रत्येक टप्पा सुमारे अर्ध्या सेकंदाचा ठेवावा लागतो. चोवीस तासांच्या पुरासाठी पावणेदोन लाखांच्या आसपास टप्पे. वीस लाख चौकटी, पावणेदोन लाख टप्पे. म्हणजे साडेचौतीस हजार कोटी वेळा तेच गणित. साधा संगणक हे आज करू शकतो. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी तयार केलेली हेक-रास ही संगणक-प्रणाली तर कोणालाही विनामूल्य मिळते आणि आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी ती वापरतात.

संगणकापूर्वी आपल्याकडे काय होते? पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ साली मुंबई इलाख्यात सुरू झालेली ही संस्था नद्यांची, बंदरांची आणि धरणांची छोटी प्रतिरूपे प्रत्यक्ष बांधून त्यांत पाणी सोडून पाहते. ही विद्या आजही मोलाची आहे. तथापि तिला एक मर्यादा आहे. नदी शंभरपट लहान केली तर वाळूचा कणही शंभरपट लहान करावा लागेल. आणि मग ती वाळू राहत नाही, चिकण माती होते. ती वेगळ्याच रीतीने वागते. म्हणून पायाखालची खरवड नेमकी दाखविणे लहान प्रतिरूपात अवघड जाते. संगणकात कण लहान करण्याचा प्रश्नच येत नाही. खडकवासल्याची प्रयोगशाळा आणि संगणक ही म्हणूनच एकमेकांची पूरक साधने आहेत.

मोडण्याचे प्रतिरूप

पाणी चढण्याचे गणित झाले. पण पूल मोडण्याचे? येथे चौकटींचे जाळे अपुरे पडते, कारण मोडणारी वस्तू आपली जागा सोडते. त्यासाठी दोन युक्त्या कामी आल्या. पहिली १९७७ ची. ताऱ्यांच्या पोटातील वायूचा अभ्यास करणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांनी जाळे टाकून देऊन द्रव्याला असंख्य कणांचा समुदाय मानले. पुढे हीच रीत उसळणाऱ्या, फुटणाऱ्या पाण्याला लागू झाली. दुसरी युक्ती १९७१ ची. पीटर कंडॉल यांनी भेगाळलेल्या खडकासाठी असे गणित रचले, की ज्यात प्रत्येक शिळा सुटी धरली जाते आणि ती शेजारच्या शिळेला ढकलते, घासते, तिच्यावरून घसरते. दगडी कमानीचा पूल म्हणजे तरी काय? चुन्याने जोडलेल्या शिळाच.

या दोन्ही युक्त्या एकत्र आल्या की प्रतिरूप असे चालते. पाण्याचे कण दगडाला ढकलतात. दगडावरचा जोर चुन्याच्या पकडीहून आणि घर्षणाहून अधिक झाला की दगड हलतो. त्यातून फट पडते, पाणी फटीत शिरते, आतली भरणी धुपू लागते, शेजारच्या दगडाचा आधार जातो. पाण्याने बांधकाम बदलले आणि बदललेल्या बांधकामाने पाण्याची वाट बदलली. ही देवाणघेवाण संगणक सेकंदाच्या लहान लहान अंशांनी मांडत राहतो. पडद्यावर पूल कोसळताना दिसतो तेव्हा ते चलच्चित्रासारखे वाटते. पण चित्रपटातील पूर आणि हा पूर यांत मूलभूत भेद आहे. चित्रपटात दिग्दर्शकाला हवे तेव्हा पूल पडतो. येथे समीकरण सांगेल तेव्हाच.

समीकरण सांगेल तेव्हा, हे खरे. पण समीकरणाला जे सांगितले असेल त्यावरच. शंभर वर्षे जुन्या चुन्याची पकड किती, हे सांध्यांचे नमुने काढल्याशिवाय कळत नाही. पाया खडकावर आहे की वाळूवर, हे छिद्र घेऊन पाहावे लागते. म्हणून जाणता अभियंता असे प्रतिरूप एकदाच चालवीत नाही. चुना कमकुवत धरून, मग मजबूत धरून, पाया उघडा धरून, मग झाकलेला धरून तो ते शेकडो वेळा चालवितो. हाती येणारे उत्तर 'पूल पडेल' वा 'पडणार नाही' असे नसते. पाणी या पातळीला पोहोचल्यानंतर पूल विश्वासार्ह राहत नाही, असे ते उत्तर असते.

संगणकाला नदी कोणी सांगावी?

आता मुख्य मुद्दा. संगणकाने उल्हास पाहिलेली नाही आणि वालधुनीही पाहिलेली नाही. त्याला नदी कोणीतरी सांगावी लागते. पात्राची रुंदी, खोली, काठांची उंची तर हवीच. त्याखेरीज पात्र किती खडबडीत आहे हेही सांगावे लागते. आयर्लंडचे अभियंते रॉबर्ट मॅनिंग यांच्या १८८९ च्या सूत्राने हा खडबडीतपणा एका आकड्यात मांडला जातो. स्वच्छ नैसर्गिक पात्रासाठी तो ०.०३ च्या आसपास असतो. झुडपे, राडारोडा आणि प्लॅस्टिक यांनी भरलेल्या पात्रासाठी तो सहज ०.०६ होतो. आकडा दुप्पट झाला की तेवढेच पाणी वाहून न्यायला रुंद पात्रात दीडपट खोली लागते. ज्या पुरात चार मीटर पाणी चढले असते तेथे सहा मीटर चढते. दोन मीटरचा हा फरक ढगांनी केलेला नसतो. काठावर टाकलेल्या कचऱ्याने आणि भरावाने केलेला असतो. नकाशावर जी नदी स्वच्छ आणि रुंद दिसते तिच्यावर गणित केले, तर अचूक समीकरणांतून चुकीचे उत्तर बाहेर पडेल.

पावसाचेही तसेच. २६ जुलै २००५ च्या चोवीस तासांत मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच काळात कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटर. एकाच शहरातील ही दोन टोके. कुलाब्याचा आकडा घेऊन मिठी नदीचा पूर मोजला असता, तर संगणकाने मुंबई कोरडी दाखविली असती. त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने त्या पुराची सविस्तर मीमांसा केली, मुंबईत पर्जन्यमापकांचे जाळे विणले गेले आणि जून २०२० मध्ये मुंबईसाठी आय-फ्लोज ही पूर-इशारा प्रणाली कार्यान्वित झाली. कल्याणचे गणित मुंबईहून अधिक गुंतागुंतीचे आहे. येथे कर्जतचा पाऊस, बारवी धरणातून सुटणारे पाणी, काळू-भातसेचे पाणी आणि खाडीची भरती या चार गोष्टींची वेळ जुळते की चुकते, यावर सारे अवलंबून असते.

मग प्रतिरूप खरे की खोटे, हे ठरवावयाचे कसे? त्याची परीक्षा घेऊन. होऊन गेलेला पूर त्याला पुन्हा घडवून दाखवावयास सांगावयाचे आणि उत्तर प्रत्यक्षाशी ताडून पाहावयाचे. या परीक्षेची जगप्रसिद्ध प्रश्नपत्रिका फ्रान्समधील आहे. २ डिसेंबर १९५९ च्या रात्री तेथील मालपासे धरण फुटले, पाणी फ्रेझ्यू गावापर्यंत लोटले आणि चारशेहून अधिक माणसे बुडाली. त्या दु:खात एक काम मात्र नेटाने झाले. पोलिसांनी खोऱ्यात फिरून घरांच्या भिंतींवर आणि काठांवर उमटलेल्या पाण्याच्या खुणांची मोजणी केली. वीज केंद्रातील रोहित्रे कोणत्या क्षणी बंद पडली, त्याच्याही वेळा नोंदल्या गेल्या. साठ वर्षांहून अधिक काळ जगातील संशोधक आपले नवे गणित त्या खुणांशी ताडून पाहत आले आहेत. पोलिसांनी मोजून ठेवलेल्या त्या मोजक्या खुणांवर एका शास्त्राची कसोटी उभी आहे.

आपल्याकडे १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले. पुण्याच्या किती जुन्या घरांच्या भिंतींवर त्या पाण्याच्या पातळीच्या खुणा वडीलधाऱ्यांनी जपल्या होत्या! वाडे पडले, तेथे इमारती आल्या, आणि खुणाही गेल्या. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटून वीसहून अधिक ग्रामस्थ प्राणांस मुकले. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने आता धरणांसाठी आपत्कालीन कृती आराखडा बंधनकारक केला आहे. असा आराखडा करताना धरण फुटल्यास पाणी कोठवर आणि किती वेळात पोहोचेल याचे गणित करावे लागते. ते गणित तपासण्यासाठी खुणा मात्र गावांनाच जपाव्या लागतील.

कल्याणकरांचे काम

येथे नागरिकांचा वाटा सुरू होतो. तो खर्चिक नाही. पूर ओसरल्यावर भिंतीवरील चिखलाची रेषा पुसण्याआधी तिच्याशेजारी पक्क्या रंगाने आडवी खूण करावी, तारीख लिहावी आणि पाणी सर्वाधिक चढले ती वेळ नोंदवावी. गृहनिर्माण संस्थेने आपल्या वार्षिक अहवालात ती उंची लिहावी. शाळेने, वाचनालयाने, मंदिराच्या विश्वस्तांनी आपापल्या वास्तूवर ती जपावी. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांच्या खुणा आजही अनेकांच्या स्मरणात आहेत. ती माणसे आहेत तोवर त्या भिंतीवर आणाव्यात. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने एका पावसाळ्यात वालधुनीच्या काठाने अशा शंभर खुणा मोजल्या, तर वालधुनीचे कोणतेही प्रतिरूप त्यांना वगळून पुढे जाऊ शकणार नाही. पुरात दोरखंड घेऊन धावणारे कार्यकर्ते या शहराला कधी कमी पडलेले नाहीत. पाणी उतरल्यावर मोजपट्टी घेऊन फिरणारेही तितकेच हवेत.

दुसरे काम प्रश्न विचारण्याचे. नदीकाठी नवा पूल, भिंत किंवा संकुल मांडताना हल्ली पडद्यावर रंगीत चित्रे दाखविली जातात. ती पाहून भारावूनही जाऊ नये आणि 'संगणकाला काय कळते' म्हणून झटकूनही टाकू नये. पात्राची मोजणी कोणत्या वर्षीची? खाडीची भरती धरली आहे काय? होऊन गेलेला कोणता पूर या प्रतिरूपाने पुन्हा दाखविला आणि किती फुटांच्या फरकाने? पुलाच्या पायाखालची खरवड मोजली काय? हे चार प्रश्न विचारण्यास अभियांत्रिकीची पदवी लागत नाही.

पूररेषांविषयीही एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाटबंधारे खात्याच्या नकाशावरील निळी रेषा साधारणत: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 'शंभर वर्षांतून एकदा' हे शब्द ऐकून घर घेणारा निश्चिंत होतो. वस्तुत: त्याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक शक्यता असा आहे. तीस वर्षांच्या काळात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सव्वीस टक्के आहे. गृहकर्ज फिटेपर्यंतच्या काळात चारांत एक. एवढा धोका कोणते सुजाण कुटुंब डोळे मिटून पत्करील?

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुलाची. पूल मोडण्याचे संपूर्ण गणित पुराच्या रात्री करीत बसता येत नाही. त्याला तास, कधी दिवस लागतात. ते उन्हाळ्यातच करून ठेवावयाचे असते. त्याचे फलित कपाटातील अहवालात राहिले, तर त्याचा एसटीच्या चालकाला काहीच उपयोग नाही. ते पुलाच्या खांबावर उतरले पाहिजे. रेल्वेने ही शिस्त फार पूर्वीच लावून घेतली आहे. रेल्वे पुलांवर धोक्याच्या पातळीची खूण रंगविलेली असते, पावसाळ्यात गस्तीवाला फिरतो, आणि पाणी त्या खुणेला लागले की काय करावयाचे हे आधीच ठरलेले असते. हीच शिस्त रायत्याच्या, रुंद्याच्या आणि उल्हास-काळूवरील प्रत्येक रस्तापुलाला हवी. प्रत्येक पुलावर स्पष्ट खूण हवी, खुणेवर लक्ष ठेवणारा माणूस हवा, आणि पाणी तेथे पोहोचताच वरून आदेशाची वाट न पाहता वाहतूक थांबविण्याचा अधिकार त्या माणसाकडे हवा. असा अधिकार वापरून कोणी पूल बंद केला आणि पूल पडला नाही, तर त्याची थट्टा करू नये. दहा वेळा नाहक थांबावे लागले तरी अकराव्या वेळेची किंमत सावित्रीच्या काठी चाळीस घरांनी मोजली आहे.

आणि खुणेपर्यंत पाणी आलेले दिसत असताना दुचाकी पुढे रेटणाऱ्याला आवरणे, हे तर कोणत्याही संगणकाचे काम नाही. पंधरा सेंटिमीटर वेगवान पाणी माणसाचा तोल घालविते, तीस सेंटिमीटर पाण्यात लहान मोटार तरंगू लागते आणि साठ सेंटिमीटर पाणी बहुतेक वाहने लोटून नेते. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळून चार जणांचा बळी गेला. तेथे धोक्याची सूचना लावलेली होती. फलक वाचून माघारी फिरण्याची सवय घरातूनच लागते. आई-वडील बंद केलेल्या पुलापाशी गाडी वळवून परत येतात, हे ज्या मुलांनी पाहिले आहे ती मोठेपणीही वळतील.

येत्या पावसाळ्यापूर्वी कल्याणमधील प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने आपल्या भिंतीवर जुन्या पुराची एक खूण करावी, आणि आपल्या रोजच्या वाटेवरील पुलावर धोक्याची खूण आहे की नाही हे पाहून, नसल्यास संबंधित कार्यालयाकडे लेखी मागणी करावी. एवढे दोनच संकल्प घेऊन येथून परतावे, ही विनंती.